सासऱ्यांच्या नावाचं जहाज

आमच्या जहाजाचं नाव मी तुम्हाला एवढ्यात सांगणार नाही. लपवण्यासारखं त्यात काही नाही. दोन्ही बाजूंना हातभर अक्षरांत रंगवलेलं आहे, काठावर उभं राहून कुणीही वाचावं. पण ते माझ्या सासऱ्यांचं नाव आहे, आणि सुनेनं सासऱ्यांचं नाव उच्चारायचं नसतं, नातसुनेनंही नाही. एकविसाव्या वर्षी मी या घरात आले, तेव्हापासून एकतीस वर्षं ते माझ्या तोंडून निघालेलं नव्हतं. रागाच्या भरात नाही, झोपेत बडबडतानाही नाही.

नाव घ्यायचं नाही म्हणजे सुनेनं मुकं बसायचं असं नव्हे. ती आपली वेगळी नावं पाडते. थोरल्या दिरांना मी ‘शहाणे’ म्हणते, धाकट्याला ‘खोडकर’. तो आता पन्नाशीला टेकला, नातवंडांचा धनी झाला, तरी खोडकरच. मामंजी जन्मभर इर्तिश नदीवर जहाजांना वाट दाखवणारे तरंगते बोये सांभाळायचे. त्यांच्या तरुणपणी प्रत्येक बोयावर रॉकेलचा कंदील असे. रोज संध्याकाळी वल्ही मारत जायचं, दिवे लावायचे, पहाटे परत जाऊन विझवायचे. म्हणून ते माझे ‘दिवेवाले अता’. अता म्हणजे घरातला वडीलधारा.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी, म्हणजे काबदेननं, एक जुना टग विकत घेतला. पुढे वाळूच्या दोन बार्ज जोडायच्या आणि ढकलत न्यायच्या, असला तो टग. ह्यांनी तो निळा रंगवला आणि वर वडिलांचं नाव घातलं. गावभर वाहवा झाली. बायको त्या जहाजाला काय म्हणून हाक मारणार, हे मात्र कुणी विचारलं नाही. मग मी जहाजालाही ‘दिवेवाले अता’च म्हणू लागले. हळूहळू अख्ख्या नदीला ते ठाऊक झालं. ‘आपा, तुमचे अता आज गाळात बसले होते,’ असं तांडेल मला बाजारात सांगायचे, आणि मामंजी शेजारी उभे असले तर जीभ चावायचे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाचं लग्न झालं आणि रायहान घरात आली. ती कोरड्या माळावरची. तिच्या गावात पाणी म्हणजे विहिरीतलं, तेही रांगेत उभं राहून. मुलगा पावलोदारच्या बंदरात क्रेन चालवतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. पोरगी सगळी कामं करायची, शब्दाला शब्द लावायची नाही, पण आतल्या आत सुकत चालली होती. ते मला दिसत होतं आणि काय करावं सुचत नव्हतं. मग एक दिवस तिनं काराकेमेरच्या चौकीसाठी अर्ज केला.

काराकेमेर हे आमच्या गावाखालचं वळण. तिथं नदी कोपरासारखी मुडपते, आतल्या बाजूला वाळूचा दांडा, बाहेरच्या बाजूला उंच कडा. खोल पाण्याची वाट एका वेळी एकाच जहाजापुरती. वरून येणाऱ्याला खालचा दिसत नाही आणि खालच्याला वरचा. कड्यावर चौकी आहे, वायरलेस आहे, खुणेचा खांब आहे. चौकीवरच्या माणसानं एकाला सोडायचं, दुसऱ्याला थांबवायचं. नियम साधा: प्रवाहाबरोबर येणाऱ्याला आधी वाट द्यायची, कारण त्याला थांबणं अवघड. खालून चढणाऱ्यानं कळ काढायची.

रायहाननं नियमांचं पुस्तक तोंडपाठ केलं. कणीक मळताना म्हणायची, गाय पिळताना म्हणायची. ‘पांढरं निशाण ज्या बाजूला हलवाल, त्या बाजूनं समोरचा जाईल.’ ‘बोयाला होडी बांधू नये.’ गाईलासुद्धा पाठ झालं असेल. परीक्षेत ती पहिली आली. एक महिना उमेदवारीचा, मग कायम. आणि त्या महिन्यात पोरगी गायला लागली हो! सकाळी डबा भरताना गायची. तिला गाता येतं हेच आम्हाला तीन वर्षं माहीत नव्हतं.

मग चोविसाव्या दिवशी रात्रीच्या जेवणाची कणीक लाटता लाटता ती म्हणाली, “आपा, आज तपासनीस आले होते. इलियास.”

“चहा दिलास?”

“दिला. त्यांनी पहिल्या दिवसापासूनच्या वायरलेसवरच्या हाका ऐकल्या. सगळं टिपलेलं असतं ना यंत्रात.”

“मग? चूक काढली असेल. चहा पिऊन चूक काढणारी जात ती.”

“बाकी चोख आहे म्हणाले. पण आपल्या जहाजाला मी एकदाही नावानं हाक मारलेली नाही. नियम असा, की आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं, मग काम. महिना भरेपर्यंत आपल्या जहाजाला नावानं हाक ऐकू आली नाही, तर कायम करणार नाहीत.”

माझं डोकं फिरलं. “त्याची आई त्याच्या आजोबांना नावानं हाका मारते का, विचार त्याला!”

“विचारलं.”

“काय म्हणाला?”

“म्हणाले, माझे आजोबा सहाशे टन वाळू घेऊन वळणातून खाली येत नाहीत.”

मला हसू आलं होतं, पण मी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. उलट आवाज चढवला. “मी एकतीस वर्षं काढली, तुला एकतीस दिवस निघत नाहीत? ‘दिवेवाले अता’ म्हटलं की कळतं सगळ्यांना. नदीवरच्या माशांनासुद्धा कळतं!”

“सगळ्यांना कळतं, आपा. नव्यांना नाही कळत.”

“नवे शिकतील.”

रायहाननं लाटलेली पोळी बाजूला ठेवली. मग म्हणाली, “तुम्ही नको म्हणत असाल तर मी नाही घेणार नाव. नोकरी गेली तर गेली.”

भांडली असती तर बरं झालं असतं. मी दोन शब्द जास्त बोलले असते, तिनं दोन ऐकवले असते, आणि कुठंतरी मधे तोडगा निघाला असता. ऐकणाऱ्या सुनेपुढे सासूचं काही चालत नाही. त्या रात्री मी कूस बदलत पडले. ह्यांना विचारलं तर म्हणाले, “बायकांचं बायकांनी बघावं.” जहाजावर नाव घालताना बायकांचं आठवलं नव्हतं ते!

दुसऱ्या दिवसापासून पोरगी गायची थांबली. डबा भरायची, जायची. मला दिसत होतं. पण मी हट्टाला पेटले होते, आणि हट्टाला पेटलेली बाई आधी आपलंच घर जाळते.

मामंजींना यातलं काही सांगितलं नव्हतं. ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, एक कान पूर्ण गेलेला, दुसरा मर्जी असेल तसा चालतो. ह्यांनी त्यांना एक जुना हातातला वायरलेस आणून दिला होता, नुसता ऐकायला. खिडकीजवळच्या पलंगावर बसून ते दिवसभर नदी ऐकायचे. कोण कुठं पोचलं, कुणाला पाणी उथळ लागलं, कोण कुणाला शिव्या देतंय. रायहानचा आवाज आला की आम्हाला हातानं गप्प बसवायचे. ‘नीट बोलते,’ म्हणायचे. बोलायचं बटण दाबायचं नाही, असं त्यांना हजारदा बजावलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

एकोणतिसावा दिवस शनिवार होता. जुलैचं ऊन, पाणी उतरलेलं, दांड्याची वाळू डोकं वर काढून बसलेली. आदल्या रात्री ह्यांची दाढ सुजली होती, तेव्हा पहाटे ते बसनं सेमेयला दाढ काढायला गेले आणि टग बदली कप्तानाच्या हाती दिला. स्तेपान त्याचं नाव, ओस्केमेनहून आलेला, आमच्या भागात पहिलीच फेरी. जहाज दुपारी वळणाशी येणार होतं.

मी कुर्दाकचं, म्हणजे परतलेल्या मटणाचं, भांडं आणि फडक्यात बांधलेले तळलेले बाउरसाक घेऊन चौकीवर गेले. पोरीशी काही बोलावं असं मनात होतं. काय ते ठरलेलं नव्हतं. खायला घालता घालता सुचेल, असं वाटलं होतं. चौकीवर दोन माणसांची पाळी असते, पण तोख्तार म्हातारा पंपाचा पट्टा तुटला म्हणून गावात गेला होता.

वर पोचते तो रायहान खिडकीतून अर्धी बाहेर, हातात भोंगा. “ए लाल होडी! बोया सोडा! बोयाला बांधायचं नसतं!”

मी खाली बघितलं. वळणाच्या ऐन मध्यात, खोल पाण्याच्या वाटेवर, लाल बोयाला एक मोटरबोट बांधलेली. बोटीत आठ-दहा माणसं आणि मधोमध नवरी! डोक्यावर ती उंच टोकदार साउकेले, पांढरा झगा, आणि एक हात बोयाच्या गळ्यात. समोर फोटोवाला वाकून वाकून टिपत होता. अंगावर लाइफ जॅकेट एकाच्याही नाही. फोटो बिघडतो ना!

फोटोवाल्यानं हात वर करून दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं.

“यांच्या दोन मिनिटांना आग लागो,” मी म्हणाले.

“आपा, ते बघा.” रायहाननं वरच्या अंगाला बोट दाखवलं. दूर, पॉपलरच्या रांगेपलीकडे, आमचा निळा टग, पुढे दोन बार्ज. दोन किलोमीटर असेल. दोन किलोमीटर म्हणजे लांब वाटतं, पण भरलेल्या बार्ज प्रवाहात असल्या की थांबायला त्यातलं पाऊण अंतर लागतं.

रायहाननं खांबावर थांबण्याची खूण चढवली. “हे त्याला शेवटच्या वळशालाच दिसेल, तोवर उशीर होईल. मी खाली धक्क्यावर जाते, त्या बोटवाल्यांकडून दोरी सोडवून घेते. भोंग्यानं ऐकत नाहीत. तुम्ही वायरलेस घ्या.”

“मी?”

“हे दाबायचं, बोलायचं, सोडायचं. जहाजाला सांगा, वळणाच्या वर थांब, वाट अडलीय. तो ‘थांबतो’ म्हणेपर्यंत सोडू नका.”

आणि लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत, पांढरं निशाण काखेत मारून पोरगी कड्याच्या पायऱ्यांवरून धावत सुटली. आता वायरलेसजवळ मी एकटी आणि कुर्दाकचं भांडं.

दाबलं. “दिवेवाले अता, दिवेवाले अता, थांबा! वाट अडलीय!”

खरखर. मग आवाज आला, जाडा, घरचा. “हं, बोल सूनबाई.”

मामंजी! घरात, पलंगावर, बटण दाबून बसलेले.

“अता, तुम्ही नाही!”

“ऐकू येतंय. चहा झाला का?”

“अता, बटण सोडा! मी जहाजाला बोलतेय!”

“जाड साय घाल त्यात. कालचा पाणचट होता.”

ते बोलत होते तोवर दुसऱ्या कुणाला बोलता येईना. मी कपाळाला हात लावला. शेवटी त्यांचा अंगठा दमला असावा, चॅनल मोकळा झाला. मी पुन्हा दाबलं. “आमच्या घरचं जहाज! ऐकताय का? आमच्या ह्यांचं!”

एका तांडेलाचा आवाज आला, ओळखीचा, दांडग्या सागिंबेकचा. तो खाली पाच किलोमीटरवर. “ओरिंशा आपा, तुमचे हे इथं कुठायत? त्यांची तर दाढ काढतायत ना?”

“माहितीय मला दाढ! तू गप्प बस! वाळूचं जहाज, थांबा! वाळू घेऊन येणारं जहाज, आहात तिथंच थांबा!”

“थांबलो,” सागिंबेक म्हणाला.

“मीही थांबलो,” आणखी कुणी तरी म्हणालं. “पण का?”

जुलैत या नदीवर जो तो वाळूच नेतो. दोन जहाजं थांबली, दोन्ही भलतीच. जे थांबायला हवं ते पॉपलरच्या रांगेशी पोचलं होतं. नाकाशी पांढरा फेस दिसत होता. स्तेपान सगळं ऐकत असणार. कुणी बाई आजोबांना हाका मारतेय, आजोबा चहा मागतायत, कुणाची तरी दाढ. या गावाची वायरलेसवर गप्पा मारायची रीत दिसतेय, असं समजून तो बिचारा आपलं सुकाणू धरून चालला होता. त्याला कुणी हाकच मारली नव्हती.

खाली रायहान निशाण हलवत होती. बोटीतल्या लोकांना आता कळलं होतं. नवरदेव दोरीच्या गाठीशी झटत होता, गाठ ओली होऊन आवळली होती, मोटर सुरू होत नव्हती, आणि नवरी दोन्ही हातांनी साउकेले धरून उभी होती. विशीचीसुद्धा नसेल पोर. रायहान आली तेव्हा एवढीच होती.

तेव्हा मला खरं खरं भय वाटलं. आणि कुणाचं वाटलं सांगू? माझंच. एका शब्दासाठी दहा माणसं पाण्यात घालायला निघालेली ही बाई कोण, असं वाटलं.

मी बटण दाबलं आणि ओरडले.

“बायगाबिल!”

जीभ भाजल्यासारखी झाली. तरी थांबले नाही.

“बायगाबिल! बायगाबिल! काराकेमेर बोलतेय! बायगाबिल, थांबा!”

आणि लगेच, अगदी लगेच, अनोळखी आवाज आला. शांत, कामाचा. “‘बायगाबिल’ ऐकतोय. बोला, काराकेमेर.”

“वळणात लग्न आहे!”

“वळणात काय आहे?”

“लग्न! लाल बोयाला बांधलंय! वाट अडलीय, वरच थांबा!”

“समजलं. इंजिन उलटं टाकतोय, मागचा नांगर सोडतोय. थांबतो.”

तो थांबतो म्हणाला. मी बटण सोडलं आणि स्टुलावर बसले ती बसलेच. दूर पाणी घुसळल्याचा आवाज आला, साखळीचा खडखडाट आला. निळा टग थरथरला, बार्ज तिरक्या झाल्या, प्रवाहानं त्यांना ढकलत ढकलत आणलं, आणि बोयापासून दोनशे पावलांवर सगळं लटांबर उभं राहिलं. तोवर कुणी तरी दोरी कापली होती. मोटरबोट वल्ह्यांनी वाळूच्या दांड्याला लागली. रायहाननं धक्क्यावरची सगळी लाइफ जॅकेटं होडीतून तिकडे नेऊन एकेकाला घालायला लावली, नवरीला झग्यावरून, फोटोवाल्याला कॅमेऱ्यावरून, आणि मगच बोट काठाला आणू दिली.

ती धापा टाकत वर आली. दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली.

“आपा, खाली धक्क्यापर्यंत ऐकू आलं.”

“येणारच. ओरडले की मी.”

“तुम्ही नाव घेतलंत.”

“चारदा घेतलं. खा आधी, गार होतंय.”

तिनं एक बाउरसाक उचलला, आणि मग न खाता माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मीही रडले. वायरलेसवर सागिंबेक विचारत होता, “आपा, आम्ही निघू का?”

तासाभरात इलियास जीप घेऊन हजर. वयानं माझ्या मुलाएवढा, पण कपाळावर आठ्या पन्नाशीच्या. त्यानं यंत्रातलं सगळं पहिल्यापासून ऐकलं. चहाची ओळ आली तेव्हा त्याचा खालचा ओठ हलला, पण त्यानं आवरलं. मग वही उघडली.

“परवानगी नसलेल्या व्यक्तीनं वायरलेस हाताळला.”

“लिही,” मी म्हणाले. “हाताळला.”

“चौकीवर एकच माणूस होतं.”

“तेही लिही. तोख्तारचं नाव लिही, पट्ट्याचं लिही.”

“आणि हे चहा मागणारे गृहस्थ कोण? चॅनल अडवून बसले होते. यांचं नाव लागेल मला.”

मी रायहानकडे बघितलं, रायहाननं माझ्याकडे. इलियास पेन धरून थांबला. मी गेले पाच दिवस पोरीच्या तोंडावर जे कुलूप घातलं होतं, त्याची किल्ली माझ्याच हातात होती. चार दिवस सासूचे झाले होते.

“सांग की,” मी रायहानला म्हणाले. “तुझ्या चौकीवर विचारतोय तो. तू सांगायचंस.”

ती ताठ उभी राहिली. “बायगाबिल,” म्हणाली. स्वच्छ, एकेक अक्षर.

इलियासनं लिहिलं. मग वर न बघता म्हणाला, “उद्या दुपारी हेच नाव जहाजासाठी ऐकू आलं पाहिजे. मग परवा कागदावर सही करतो.”

“येईल,” रायहान म्हणाली. उतरताना त्यानं मला एक पातळ पुस्तक दिलं. वायरलेसचे नियम. पुढच्या महिन्यात मीही परीक्षेला बसावं, असा त्याचा हुकूम. गावात हसू झालं ते झालंच, पण बसणार आहे मी.

चौकीवर एवढी जीभ चालली, पण घराची वाट मी रेंगाळत चालले. मामंजींनी ऐकलं असणार. माझ्या हाकेनंतर त्यांचा आवाज एकदम बंद झाला होता. एकतीस वर्षांत त्यांनी मला कधी दुखावलं नाही. सासूबाई गेल्या त्या वर्षी माझ्या हातचं करपलेलंसुद्धा मुकाट खाल्लं. आणि मी चव्हाट्यावर, साठ किलोमीटर नदीला ऐकू जाईल असं, एखाद्या गड्याला हाक मारावी तसं त्यांचं नाव घेतलं होतं. काय म्हणतील? काही म्हणालेच नाहीत तर?

ते खिडकीजवळ बसले होते. वायरलेस मांडीवर, बंद केलेला. मी खाली मान घालून चहा ठेवला. साय जाड घातली होती.

“अता, माफ करा. वेळ तशी आली.”

“बस,” म्हणाले.

मी बसले.

“माणसं वाचली?”

“सगळी. नवरीची टोपी तेवढी भिजली.”

त्यांनी पियाला हातात घेतला, पण प्यायले नाहीत. “माझ्या बरोबरीचा अबिकेन गेला त्याला सहा वर्षं झाली,” म्हणाले. “तो शेवटचा. तोवर तो यायचा, अंगणातूनच हाक मारायचा. तो गेल्यापासून मी सगळ्यांचा अता. पोरांचा अता, सुनांचा अता, बाजारात अता, दवाखान्यात अता. नाव फक्त पेन्शनच्या कागदावर. तेही चष्मा लावून वाचावं लागतं.”

मी जवळ सरकून बसले.

“आज मी इथं बसलो होतो आणि कुणी तरी हाक मारली. नदीवरून. पहिल्यांदा वाटलं, भास झाला. मग परत आली.” त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. “माझी आई अशीच ओरडायची. काठावर उभी राहून. आम्ही पोरं दांड्यावर खेळत असायचो, तिचं जेवण तयार झालं की ती ओरडायची. असाच आवाज. तुझ्यासारखाच चिडका.”

“मी चिडले नव्हते, अता. भ्याले होते.”

“तीही भ्यालेलीच असायची. नदीकाठची बाई.” मग चहाचा घोट घेऊन, माझ्याकडे न बघता, “रायहानला सांग, रोज घेऊ दे नाव. आणि तू...” ते जरा अडखळले. “रात्रीचं जेवण झालं की मला हाक मार.”

“अता!”

“मीच सांगतोय ना? मग?”

संध्याकाळी मटणाचं बेशबरमाक झालं. ह्यांचा गाल सुजलेला, त्यांनी नुसता रस्सा घ्यायचा असं ठरलं. रायहाननं ताटं मांडली. ती गात होती, हळू, पण गात होती. मामंजी मुद्दाम अंगणाच्या टोकाला, नदीकडच्या बाकावर जाऊन बसले होते. पाठ आमच्याकडे.

मी दारात उभी राहिले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे, आणि सुजल्या गालावर हात ठेवला. दिवसा नदीवर ओरडणं सोपं होतं. तेव्हा विचार करायला वेळ नव्हता.

“बायगाबिल!” मी हाक मारली. “जेवायला चला!”

ते हलले नाहीत. मला वाटलं ऐकू गेलं नाही, बहिरा कान इकडे असेल. पण रायहाननं माझा हात धरला आणि हसत खूण केली. त्यांचे खांदे हलत होते. ऐकू गेलं होतं. खेळणारी पोरं पहिल्या हाकेला कधी उठतात का?

मी कमरेवर हात ठेवले आणि पुन्हा हाक मारली, अजून मोठ्यानं, अजून चिडून.